आईने केलेली हार्ड डिस्कची वाटणी

आमच्या आईने एकदा माझ्या कॉम्प्युटरची वाटणी केली. अगदी निम्मी-निम्मी, पुढे कुणाची तक्रार राहू नये अशी.

हे वाचून तुम्ही आईला हसणार असाल तर जरा थांबा. हसायचंय ते मला. वाटणी तिने केली, पण वाटण्याजोगं काहीतरी तिच्यापुढे मांडून ठेवलं होतं मी, आणि वर त्याचं साग्रसंगीत स्पष्टीकरणही दिलं होतं. मी तसा विमा कंपनीत नोकरीला. कॉम्प्युटरशी माझा संबंध पॉलिसीचा नंबर टाकायचा आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं समोरच्याला सांगायचं, एवढाच. पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाचा प्रिंटर रुसला की मला बोलावतात. मी जातो आणि प्रिंटर सुरू होवो न होवो, तासभर माहिती देऊन येतो. (प्रिंटर बहुतेक वेळा मी निघून गेल्यावर सुरू होतो. योगायोग असेल.)

तर, आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. माझी बायको मेधा घरच्या घरी व्हिडिओ एडिटिंग करते. बारशी, मुंजी, डोहाळजेवणं असं तिचं काम. तिने ठरवलं, आई-अण्णांवर एक फिल्म करायची आणि समारंभाच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायची. सहा महिने ती कॅमेरा घेऊन नातेवाइकांकडे फिरत होती. पार्ल्याच्या नव्वदीच्या मावशीने कॅमेऱ्यासमोर बसून, अण्णा मुलगी बघायला आले तेव्हा कांदेपोह्यांच्या तीन बशा कशा संपवल्या, हे साभिनय सांगितलं. जमवलेल्या सामानात माझ्या धाकट्या भावाच्या, शेखरच्या, मुंजीची व्हिडिओ कॅसेट होती. तिला बुरशी चढली होती. मेधाने ती कुठून कुठून साफ करून आणली आणि कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली. तिच्यात आईची आई हलताना-बोलताना दिसते. आमच्याकडे आजीचं दुसरं काहीच हलतं-बोलतं नाही. कॅसेट उतरवून झाल्यावर ती मी भंगारात दिली. ‘चला, अडगळ गेली,’ असंही म्हणालो.

फिल्म वाढत गेली तसा कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. मेधा बटण दाबायची, मग जाऊन कुकर लावायची, मग येऊन बघायची, तरी चित्र अण्णांच्या अर्ध्या मिशीवर अडकलेलं.

‘‘सुहास, ह्याचं काहीतरी कर ना यार. ह्या वेगाने फिल्म साठाव्या वाढदिवसाला तयार होईल,’’ ती म्हणाली. ‘‘लग्नाच्या.’’

आणि मला साक्षात्कार झाला! म्हणजे आधी मी एक व्हिडिओ बघितला आणि मग साक्षात्कार झाला. एकसारख्या दोन हार्ड डिस्क घ्यायच्या. त्या अशा जोडायच्या की कॉम्प्युटरला ती एकच मोठी डिस्क वाटते. मग तुम्ही काहीही साठवलंत की तो त्याचे बारीक बारीक तुकडे करतो. पहिला तुकडा ह्या डिस्कवर, दुसरा त्या डिस्कवर, तिसरा पुन्हा ह्या. दोघी एकाच वेळी लिहितात आणि एकाच वेळी वाचतात. म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट! मी तो व्हिडिओ तीन वेळा बघितला. माणसाच्या डोक्यातून असं काही निघू शकतं याने मी इतका भारावलो की मेधाने भाजी आणायला सांगितलेली विसरून थेट कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदार शहाणा माणूस होता. ‘‘साहेब, स्पीड झकास मिळेल,’’ तो म्हणाला. ‘‘पण एक गेली की समजा दोन्ही गेल्या. अर्धी फाइल कुणाच्या कामाची नाही. बॅकअप घेऊन ठेवा हां.’’

‘‘घेतो, घेतो,’’ मी म्हणालो. (मी लोकांना विमा विकतो, हे इथे पुन्हा सांगायला हरकत नाही.)

जोडणीला एक अख्खा रविवार लागला. कॅबिनेट उघडलं तर आत इतकी धूळ, की मेधाने मला आधी झाडू दिला. दोन वेळा वायरी उलट्या लावल्या, तीन वेळा ‘हे असंच असतं’ असं म्हणालो, आणि शेवटी चार स्क्रू उरले. बाजूचा पत्रा परत बसेना, तेव्हा ‘हवा खेळती राहते’ असं सांगून तो कपाटामागे ठेवून दिला. मग फिल्मचं सगळं सामान नव्या जोडीवर उतरवलं, जुनी डिस्क पुसून ऑफिसमधल्या एका मित्राला उदार मनाने देऊन टाकली आणि मेधाला म्हणालो, ‘‘आता दाब.’’

तिने दाबलं. आणि उघडलं! कुकर नाही, काही नाही. बोट उचलायच्या आत अण्णांची पूर्ण मिशी! मेधा माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली, त्या नजरेने तिने लग्नाच्या मांडवातही बघितलं नव्हतं. अण्णा चष्मा पुसत आले, ‘‘एवढ्यात?’’ म्हणाले आणि पुन्हा लावायला लावलं. असं सात वेळा झालं. उघड्या कॅबिनेटमध्ये त्या दोन डिस्क एकावर एक बसून बारीक घूं घूं करत होत्या. मला खरंच हात जोडावेसे वाटले.

आई ओले हात पदराला पुसत आली. ‘‘ह्या दोन कशाला रे?’’

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी खुर्ची ओढली. ‘‘आई, गंमत ऐक. फिल्म एका डिस्कमध्ये नाहीच! निम्मी हिच्यात, निम्मी तिच्यात.’’

‘‘सारखी?’’

‘‘अगदी सारखी. रेसभर इकडे-तिकडे नाही.’’

आईचा चेहरा उजळला. मी पुढे अर्धा तास बोललो. त्यातला एकही शब्द तिच्यापर्यंत पोचला नाही, कारण तिला हवं ते पहिल्या मिनिटातच मिळालं होतं.

इथे आईची एक गोष्ट सांगायला हवी. तिचे दोन मामा एका पितळी बंबावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते तिने लहानपणी बघितलं आणि मनाशी गाठ बांधली की माझ्या मुलांमध्ये असं होऊ द्यायचं नाही. शेखर लग्नानंतर चारकोपला राहायला गेला, तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचे ती दोन भाग करते. सहा वाट्या आल्या की तीन मुलुंडला, तीन चारकोपला. इडलीपात्र आलं तेव्हा आतल्या चार ताटल्यांतल्या दोन शेखरकडे गेल्या. गेली बारा वर्षं आम्ही दोन्ही घरांत इडल्या अर्ध्या-अर्ध्या करून खातोय, पण भांडण मात्र एकदाही झालेलं नाही. त्यामुळे ह्या बाबतीत आईपुढे बोलायची कुणाची हिंमत नाही.

समारंभ शनिवारी होता. गुरुवारी मी रजा काढली आणि मेधाबरोबर हॉलवर पडदा बघायला गेलो. दुपारी परत आलो, कॉम्प्युटर लावला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली. जोडीतला एक सदस्य सापडत नाही.

सदस्य! पोलीस चौकीतल्या ‘हरवले आहेत’च्या फलकावर लिहितात तसं! मी खाली वाकून बघितलं. खालची डिस्क जागेवर. वरच्या डिस्कच्या जागी नुसती हवा, खेळती. आणि दोन वायरी, नीट गुंडाळून रबर लावलेल्या.

‘‘मेधा,’’ मी म्हणालो, ‘‘चोरी झाली.’’

‘‘चोर वायरींना रबर लावून जातो?’’ ती म्हणाली आणि तिच्या तोंडचा रंग उतरला. ‘‘सुहास, फिल्म?’’

मी वाकून पुन्हा वायरी चाचपल्या. ‘‘दुसरी कॉपी आहे ना?’’ मी उरलेल्या स्क्रूंकडे बघत राहिलो. ‘‘मावशी? मुंज? आजी?’’ ती खुर्चीत बसलीच. सहा महिन्यांचं काम, परवावर आलेला समारंभ, आणि आजी. मी माझ्या हाताने कॅसेट भंगारात दिली होती आणि माझ्याच हाताने जुनी डिस्क पुसली होती. इतकं शरमल्यासारखं मला आजवर कधी झालं नव्हतं.

अण्णा बाहेर पेपर वाचत होते. ‘‘अण्णा, घरात कोण आलं होतं?’’

‘‘शेखर. आज त्याची सुट्टी ना. फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन गेला. मला वाटलं, नारळाच्या वड्या.’’

तेवढ्यात आई देवळातून आली. तिला काही लपवायचं नव्हतंच, उलट चेहऱ्यावर समाधान होतं. ‘‘दिली मी त्याला वरची. तूच म्हणालास ना, निम्मी-निम्मी आहे म्हणून? मध्यंतरापर्यंतची एकीत आणि नंतरची दुसरीत. नंतरच्यात त्याची मुंज असणार, म्हणून त्याला ती. त्यानेच काढली बाई हळुवार हाताने. शनिवारी घेऊन येईल, आधी तुझी लावा, मग त्याची लावा.’’

शेखर चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मशिनांची देखभाल करतो. समोर स्क्रू दिसला की त्याचा हात शिवशिवतो, आणि इथे तर मी पत्राही काढून ठेवला होता. मी त्याला फोन लावला.

‘‘बोल दादा! अरे, बरं झालं फोन केलास. वर्कशॉपमधून ती डिस्क बाहेरून लावायची डबी आणलीय, तिच्यात तुझी डिस्क टाकली. पण माझा लॅपटॉप म्हणतोय, ही वाचता येत नाही. फॉरमॅट करू का, विचारतोय. ‘हो’ दाबू?’’

फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. ‘नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं. आवाज आला नाही! जीभ टाळ्याला चिकटलेली, मेधा माझा दंड हलवतेय, पलीकडून शेखर ‘‘हॅलो? दादा? अरे दाबू ना?’’ करतोय, आणि ज्या माणसाने ह्या विषयावर आख्ख्या मुलुंडचं डोकं खाल्लं, त्याला दोन अक्षरं उच्चारता येईनात. मग फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. शेखरचा फोन कायम दोन टक्के चार्जिंगवर जगतो. त्याची बायको शाळेत शिकवते, तिचा फोन स्टाफरूममध्ये.

‘‘चल,’’ मेधा म्हणाली. रिक्षात मी, मेधा आणि मध्ये आई. ‘‘मी दिली, मी आणणार,’’ म्हणून ती आधीच जाऊन बसली होती. रिक्षा गोरेगावच्या जोडरस्त्याला लागली.

‘‘एवढं काय झालं ते मला सांगशील का?’’ आईने विचारलं.

‘‘आई, मध्यंतर वगैरे काही नसतं गं त्यात. एक बारका तुकडा हिच्यात, पुढचा तिच्यात. प्रत्येक चित्राचे. प्रत्येक आवाजाचे.’’

आईने माझ्याकडे मान वळवली. ‘‘म्हणजे माझ्या आईचा एक डोळा मुलुंडला आणि एक चारकोपला?’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘काका, हॉरर पिक्चर हाय काय?’’ रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. आई माझ्याकडेच बघत होती.

‘‘आणि नुसती माझ्याजवळची अर्धी लावली तर? अर्धं तरी दिसेल?’’

‘‘काहीच नाही दिसणार. दोन्ही एकत्र असल्या तरच आहे. नाहीतर दोन लोखंडाचे तुकडे.’’

‘‘दोन असून वाटता येत नाही?’’

‘‘दोन असून वाटता येत नाही.’’

आईने पदर सावरला. मग बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाली, ‘‘असलं कसलं रे नवल आणून ठेवलंस घरात.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. आठवडाभर मी त्या दोन डिस्कांसमोर हात जोडल्यासारखा उभा होतो, पण मला फक्त वेग दिसला होता. आईला रिक्षात बसून जे कळलं ते मला तीन वेळा व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना. पन्नास वर्षं संसार केलेली बाई, आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटता न येणारी गोष्ट भेटली होती आणि ती तिनेच वाटून टाकली होती. तिने माझा हात घट्ट धरला. ‘‘त्याने दाबलं नसेल ना रे?’’

सिग्नलला रिक्षा थांबली की मेधा मनातल्या मनात शेखरचं बोट धरून ठेवत होती, असं तिने मला नंतर सांगितलं.

चारकोपच्या सेक्टरमध्ये शेखरचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी तीन जिने एका दमात चढलो. बेल दाबायची गरज पडली नाही, दार उघडंच होतं. शेखर टेबलापाशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. समोर लॅपटॉप, त्यावर तोच प्रश्न, तसाच्या तसा. शेजारी फोन चार्जिंगला लावलेला, पण भिंतीवरचं बटण चालू करायचं राहिलेलं.

‘‘दाबलंस?’’ मेधा माझ्यामागून ओरडली.

‘‘नाय ना!’’ तो म्हणाला. ‘‘हात पण लावला नाय. तेव्हापासून असाच बसलोय.’’

मेधाने तिथेच भिंतीला पाठ टेकली आणि रडायला लागली. मागून धापा टाकत आलेल्या आईने शेखरच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी हाशहुश करत विचारलं, ‘‘पण तुला कसं कळलं, दाबायचं नाही म्हणून? मी तर काही बोललोच नाही.’’

‘‘म्हणून तर!’’ शेखर म्हणाला. ‘‘दादा, तुला मी साधं ‘पासवर्ड काय ठेवू’ विचारलं तर तू पाऊण तास बोलतोस. आज विचारलं आणि तू गप्प! मी म्हटलं, मेलो. काहीतरी भयंकर वाट लागलीय. तू एक शब्द जरी बोलला असतास ना, तर मी नेहमीसारखं ‘हो हो’ करून दाबून मोकळा झालो असतो.’’

परत येताना रिक्षात शेखरही होता, रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून. डिस्क आईच्या मांडीवर, फडक्यात. ती तिने मुलुंड येईपर्यंत कुणाला धरू दिली नाही. घरी आल्यावर तिने आधी खालच्या डिस्कला आणि मग हिला हळदी-कुंकू लावायची तयारी केली, ती मोठ्या मिनतवारीने थांबवली. शेखरने वायरी लावल्या. मी टॉर्च धरला. अण्णा चष्मा पुसून उभे. मेधाने बटण दाबलं आणि आम्ही सहा महिन्यांचा श्वास रोखून धरला. घूं घूं सुरू झालं, आधी एकीचं, मग दुसरीचं, आणि मग दोन्ही आवाज एकच झाले. पडद्यावर आजी आली. पूर्ण! दोन्ही डोळे, नथ, आणि शेखरच्या चकोट डोक्यावर ठेवलेला हात. ती काहीतरी म्हणाली आणि हसली. आई पडद्याच्या इतकी जवळ गेली की आम्हाला काही दिसेना. पण तिला बाजूला हो म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. त्याच संध्याकाळी मेधाने स्वतः जाऊन एक तिसरी डिस्क आणली आणि सगळं तिच्यावर उतरवलं. मला तिच्या जवळपासही फिरकू दिलं नाही.

शनिवारी हॉल भरला होता. फिल्म संपली तेव्हा अर्ध्या लोकांचे डोळे ओले होते आणि पार्ल्याची मावशी तिसऱ्या बशीची जागा पुन्हा लावा म्हणत होती. टाळ्या झाल्या. मग मेधाने माइक घेतला आणि गुरुवारची सगळी हकिगत सांगितली. आईची वाटणी, शेखरचं बोट, आणि फोनवर माझी वाचा कशी बसली ते. ‘‘ही फिल्म आज तुम्हाला दिसली,’’ ती म्हणाली, ‘‘ती फक्त एका कारणाने. कॉम्प्युटरचा विषय निघालेला असताना सुहास आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसला.’’

सोसायटीतली सगळी मंडळी उभी राहिली. फिल्मला मिळाल्या त्याच्या दुप्पट टाळ्या मला मिळाल्या. मी आभार मानायला माइककडे गेलो, तर शेखरने माइकची वायर काढून घेतली होती.